उपटलेल्या रोपांचं वजन

मैदानावर सगळ्यांत लांब भाला केतकीचा गेला, आणि घरी परत पाठवलं तेही केतकीलाच.

चौदा वर्षांची ती पोर एस.टी.तून उतरली आणि घरी न जाता थेट आत्याच्या शेतावर आली. आत्या म्हणजे डॉ. वैजयंती डुबल. कऱ्हाडच्या अलीकडे, कृष्णेच्या काठावरच्या आपल्या मळ्यात ती हिरव्या जाळीखाली गुडघे टेकून बसली होती आणि भोपळ्याच्या वेलीवरची कोवळी फळं एकेक करून खुडत होती.

"झाली सरकारी क्रीडा केंद्रात निवड?" तिनं मान न वळवताच विचारलं.

"नाही."

"का? भाला कमी पडला?"

"पहिली आले मी. दुसरी बरीच मागं होती."

"मग?"

"मग थुंकीच्या चाचणीचा निकाल आला." केतकीनं पाठीवरची भाल्याची लांब पिशवी खाली ठेवली. रडून झालेलं होतं, आता तिचा आवाज नुसता कोरडा होता. "सर म्हणाले, बाळ, तू छान टाकतेस, पण तुझा बीजांक चौतीस आहे. तुझी वाढ इथंच थांबणार. तुला जागा दिली तर एका चांगल्या मुलीची जागा वाया जाईल."

वैजयंतीनं मान वळवली. "काय म्हणाले? कोणता अंक?"

"बीजांक. आत्या, तो तुझाच शब्द ना? भोपळ्याचा?"

तिचाच होता. पंधरा वर्षांपूर्वी कृषी महाविद्यालयात वनस्पती-आनुवंशिकी शिकवत असताना तिनं तो घडवला होता, आणि तो फक्त भोपळ्यांसाठी होता.

राक्षसी भोपळे पिकवणं हा तिचा नाद. लोक तिच्या शेतावर फोटो काढायला यायचे. बैलाएवढं एकेक फळ, उचलायला क्रेन लागायची. पण तिला कुतूहल होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. भोपळ्याचा आकार एकाच जनुकावर ठरत नाही. फुलाचा रंग, सालीचा गुळगुळीतपणा अशा गोष्टी एकदोन जनुकं ठरवतात. वजन मात्र शेकडो जनुकं मिळून घडवतात. प्रत्येक जनुक चिमूटभर भर घालतं, नाहीतर चिमूटभर काढून घेतं. एकाच फळातल्या दोन बिया म्हणूनच सारख्या नसतात. आईबाप तेच, पण प्रत्येक बीच्या वाट्याला निराळ्या चिमटी आलेल्या.

जुने हौशी लोक सगळ्यात मोठ्या फळाची बी धरायचे आणि देवावर हवाला ठेवून लावायचे. वैजयंतीनं निराळं केलं. बीच्या कडेचा नखाएवढाही नाही इतका तुकडा खरवडायचा, त्यातला डीएनए वाचायचा, आणि त्या शेकडो चिमटींची बेरीज करून शंभरपैकी एक आकडा काढायचा. बी मातीत जाण्याआधीच कळायचं, हिच्यात किती दम आहे. तोच बीजांक. मग जास्त अंकाच्या बियांची रोपं तेवढी ठेवायची, बाकीची उपटायची. मादीफूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी दोऱ्यानं बांधून ठेवायचं, म्हणजे मधमाशी आपल्या मनाचं काही करायची नाही. पहाटे हव्या त्या नरफुलाचे परागकण स्वतःच्या हातानं लावायचे. पाचसहा पिढ्यांत तिचे भोपळे दुप्पट झाले.

तिनं ते सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं. शेतकऱ्यांनी वापरावं, विद्यार्थ्यांनी मोडून पाहावं, असा साधा हेतू.

"तुझ्या बाबांना कळवलंस?" तिनं विचारलं.

"त्यांना माझ्याआधीच कळलंय." केतकी पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. "निवडीच्या वेळी घरातल्या सगळ्या मुलांची थुंकी घेतात. मैथिलीचा अंक एक्क्याण्णव आलाय."

मैथिली तिची धाकटी बहीण, बारा वर्षांची. तिनं जन्मात भाला हातात धरला नव्हता. तिला बिघडलेल्या वस्तू उघडून बसायला आवडायचं; गल्लीतले मिक्सर तिच्याकडे यायचे.

*

त्या आठवड्यात वैजयंती भावाकडे जेवायला गेली. प्रताप तिच्याहून सहा वर्षांनी लहान, तालुक्याच्या शाळेत गणिताचा मास्तर, सरळ स्वभावाचा. पोरींवर जीव होता त्याचा. म्हणूनच पुढचं दृश्य तिला बघवलं नाही.

रोज केतकीच्या ताटात दोन उकडलेली अंडी असायची, तीन वर्षं हा नेम होता. त्या दिवशी ती अंडी मैथिलीच्या ताटात होती. प्रतापची बायको अर्चना वाढताना कुणाकडेच बघत नव्हती.

"मला नको आहेत," मैथिली म्हणाली. "ताईची आहेत ती."

"खा गुमान," प्रताप म्हणाला. "सोमवारपासून केंद्रात जायचंय तुला. ताईला आता त्याची गरज नाही."

केतकीनं वाटीतली आमटी भातावर ओतली आणि जेवत राहिली. वैजयंतीचा घास हातातच राहिला.

"प्रताप, गरज नाही म्हणजे? ती पोर पहाटे उठून पळते. पहिली आलीय मैदानात."

"आक्का, पहिली आली, मला अभिमान हाय. पण पुढं काय? चौतीस हाय अंक." तो आवाज खाली आणत म्हणाला, "मी दोघींना पुरं पडू शकत नाही. एकीला तरी नीट उभं करतो. सरकारनं मैथिलीचा सगळा भार उचललाय. हे दैव म्हणायचं, ते लाथाडू?"

"आणि मैथिलीला काय हवंय?"

"बारा वर्षांच्या पोरीला काय कळतंय?" तो आता चिडला. "आणि तूच बोलतेस हे? तूच सांगायचीस ना सगळ्यांना, बी बघून फळ सांगते म्हणून? छापून यायचं तुझं. मग भोपळ्याचं खरं आणि माणसाचं खोटं, असं कसं?"

मैथिलीनं एक अंडं उचलून गुपचूप बहिणीच्या ताटात ठेवलं. केतकीनं ते परत ढकललं. दोघी बहिणींत एवढं अंतर वैजयंतीनं आजवर पाहिलं नव्हतं.

*

पुण्यात बाणेरला काचेच्या इमारतीत 'गुणांकुर' नावाच्या कंपनीचं ऑफिस होतं. राज्याच्या खेळाडू घडवायच्या 'सुवर्णवेध' योजनेसाठी मुलांचे बीजांक काढण्याचं काम याच कंपनीकडे होतं, आणि कंपनीचा प्रमुख मंदार जुवेकर हा वैजयंतीचा जुना विद्यार्थी. तिच्या शेतावर दोन हंगाम राहून त्यानं फुलं बांधली होती. तिला बघताच तो उठून पाया पडला.

"मॅडम, तुम्ही कशाला आलात? मीच आलो असतो."

"मंदार, माझ्या भोपळ्याचं गणित तू पोरांना लावलंस?"

तो हसला. हसण्यात खोट नव्हती, त्याला खरंच आनंद झाला होता. "लावलं! मॅडम, तुम्हीच लिहिलं होतं की, कुणीही वापरा, कशासाठीही वापरा. आम्ही भोपळ्याची जनुकं काढून माणसाची घातली. बेरीज तीच. उंची, स्नायूंचे तंतू, फुप्फुसाची क्षमता, सगळ्या शेकडो छोट्या जनुकांच्या गोष्टी. तुमचीच पद्धत!"

"कुणाच्या जनुकांवरून शिकवलंस त्या गणिताला?"

"परदेशातल्या खेळाडूंचा मोठा संच मिळाला."

"म्हणजे परक्या मातीत वाढलेल्या, परकं अन्न खाल्लेल्या, परक्या घराण्यांतल्या माणसांवरून तू माझ्या भाचीचं भविष्य काढलंस." ती अजून उभीच होती. "माझ्या काळ्या रानातला बीजांक कोकणच्या तांबड्या मातीत लावला होता, आठवतं? निम्मे अंदाज चुकले. तूच तो तक्ता केला होतास."

"ते आम्ही दुरुस्त करतोय. पण निकाल बघा ना." त्यानं भिंतीवरच्या पडद्यावर एक आलेख लावला. "तीन वर्षांत निवडलेल्या मुलांची प्रगती बाकीच्यांच्या कितीतरी पुढं आहे. अंक खरा ठरतोय, मॅडम. आकडे खोटं बोलत नाहीत."

वैजयंतीनं तो आलेख बघितला. एक रेघ झरझर वर जाणारी, दुसरी जमिनीला चिकटलेली.

"ही वरची मुलं काय खातात?"

"केंद्रात आहारतज्ज्ञ आहेत. उत्तम—"

"आणि खालची?"

"ती... आपापल्या घरी."

"मी एका वेलीवर किती फळं ठेवते?"

त्याला प्रश्नाचा रोख कळला. त्याचा चेहरा उतरला. "एक."

"बाकीची?"

"खुडता."

"खुडते. सगळं पाणी, सगळं खत, सगळी पानं एकाच फळासाठी. मग ते बैलाएवढं होतं. आता मला सांग, ते मोठं झालं ते बीमुळं, की मी बाकीची खुडली म्हणून?"

"दोन्हींमुळं."

"मग तुझ्या आलेखात खुडण्याची रेघ कुठं आहे?"

मंदारनं पडदा बंद केला. "मॅडम, योजना आता माझ्या हातात राहिलेली नाही. पुढच्या वर्षापासून शाळेच्या तुकड्यासुद्धा अंकावर पाडायचा विचार चाललाय. तुम्ही सल्लागार म्हणून आत या. आत राहून बदलता येईल."

"म्हणजे माझं नाव छापायला मोकळे झालात." ती दाराकडे वळली. "तू हुशार होतास रे मंदार. मी तुला फुलं बांधायला शिकवलं. कुठं थांबायचं ते शिकवायचं राहून गेलं."

*

मैथिली केंद्रात गेली. पहिल्या महिन्यात तिचे फोन यायचे, मग कमी झाले. दिवाळीला ती आली तेव्हा खांदे रुंद झाले होते, पण उजवा हात ती अंगाशी धरून चालत होती.

भोपळा फार वेगानं वाढला तर तडकतो. आतला गर रोज फुगतो, सालीला तेवढं ताणायला वेळ मिळत नाही. एखाद्या सकाळी बोटभर भेग दिसते आणि हंगाम संपतो. वैजयंतीनं असे कितीतरी भोपळे गुरांपुढं टाकले होते. पोरीचा खांदा दाबून बघताना तिला तेच आठवलं, आणि असं आठवल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

"कधीपासून दुखतंय?"

"बरेच दिवस," मैथिली म्हणाली. "सरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, एक्क्याण्णववाल्यांना असं होत नाही. मनाचे खेळ आहेत. टाकत राहा."

कऱ्हाडच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला. वाढीचं वय, हाडाच्या टोकाची कोवळी पट्टी सरकलेली. सहा महिने हात हलवायचा नाही. पुढं भाला तर नाहीच. हात पूर्ण वर जाईल की नाही, तेही आत्ता सांगता येत नाही.

केंद्रानं मैथिलीची जागा दुसऱ्या मुलीला दिली. फोनवरची बाई अदबीनं म्हणाली की अंकात दुखापतीचा धोका धरलेला नव्हता, पुढच्या आवृत्तीत धरतील.

प्रताप त्या संध्याकाळी एकटाच मळ्यात आला. जाळीच्या दाराशी उभा राहिला, आत येईना.

"आक्का, मी दोन्ही पोरींचं वाटोळं केलं."

तिला त्याला खूप काही सुनवायचं होतं. मैथिलीच्या ताटातल्या अंड्यांचं, केतकीच्या नुसत्या आमटीभाताचं. पण त्याच्या तोंडाकडे बघून तिनं ते गिळलं.

"तू एकटा नाहीस," ती म्हणाली. "गावोगाव असे बाप बसलेत. आत ये. बस. त्यांना गाठून तक्रारी द्यायच्यात, मला आता तुझी मदत लागणार आहे."

*

तक्रारी वाढल्या म्हणून शासनानं चौकशी समिती नेमली. निवृत्त न्यायाधीश श्रीमती पद्मजा सरदेशमुख अध्यक्ष. सुनावणी पुण्यात, खुली. गुणांकुरच्या वकिलांनीच वैजयंतीला आधी प्रश्न विचारायला घेतले, कारण बीजांकाची जननी आपल्या बाजूला ओढता आली तर प्रकरण तिथंच मिटणार होतं.

"डॉ. डुबल, जास्त बीजांकाच्या बियांपासून मोठे भोपळे आले, हे खरं?"

"खरं."

"सातत्यानं?"

"हो. सरासरीनं."

"म्हणजे पद्धत शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे."

मागच्या बाकांवर बसलेले पालक चुळबुळले. प्रतापनं डोकं हातात धरलं. वैजयंतीला खोटं बोलता आलं असतं; नाही, फसली पद्धत, असं म्हणता आलं असतं. तिच्या मनातही आलं नाही.

"भोपळ्यासाठी बरोबर आहे," ती म्हणाली.

वकील समाधानानं बसायला निघाले, तोच न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "भोपळ्यासाठी, असा जोर का दिलात?"

"बाई, मी शंभर बिया लावते. त्यातली नव्वद रोपं वीतभर असतानाच उपटते. अंक चुकला असेल, एखाद्या उपटलेल्या रोपाला जगातला सगळ्यांत मोठा भोपळा लागला असता, असंही असेल. मला ते कधीच कळणार नाही. आणि कळलं नाही तरी माझं काही बिघडत नाही. रोपाला आई नसते. रोप घरी जाऊन ताटाकडे बघत बसत नाही." तिचा आवाज चढला. "माझी पद्धत चालते, कारण मला उपटायची मुभा आहे! ती मुभा या योजनेला कुणी दिली?"

अध्यक्षांनी मुद्दा टिपून घेतला.

"तीन वर्षांत किती मुलं नाकारली, हे कंपनीला विचारा," ती पुढं म्हणाली. "त्यांनी किती भाले टाकले, किती उड्या मारल्या, आज ती कशी आहेत, हेही विचारा."

अध्यक्षांनी मंदारकडे पाहिलं. तो उठला. वकिलानं त्याच्या कोटाला हात लावला, तरी तो बोलला.

"आमच्याकडे ती नोंद नाही."

"एकाही मुलाची?"

"नाही. निवड न झालेल्या मुलांना पुन्हा कुणी मोजलंच नाही."

"मग तुमचा अंक बरोबर आहे हे तुम्हाला कसं समजलं?"

मंदारनं वैजयंतीकडे पाहिलं आणि खाली बसला.

"मीही उपटलेल्या रोपांचं वजन कधी केलं नाही, बाई," वैजयंती म्हणाली. "पण त्या न मोजण्याला मी पुरावा म्हणत नाही."

*

समितीचा अहवाल यायचा तेव्हा आला. त्यात लिहिलं होतं की बीजांक यापुढं 'सक्तीचा' नसून 'मार्गदर्शक' राहील. शाळेच्या तुकड्यांचा विचार 'तूर्त स्थगित'. एवढ्यावर सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. पुढच्या निवडीला मार्गदर्शक अंक बघूनच मुलं घेतली, हे सांगायला नकोच. गुणांकुरनं त्याचं नाव बदलून 'क्षमतादर्शक' ठेवलं.

वैजयंतीनं तो अहवाल वाचला. दुसऱ्या दिवशी ती प्रतापकडे गेली.

"तुझ्या शाळेचं मैदान रविवारी मोकळं असतं?"

"असतं. का?"

"ज्यांना कुणी मोजलं नाही त्यांना आपण मोजू. टेप घेऊन. दर महिन्याला, दर वर्षाला, जोवर ती मोठी होतात तोवर. त्यांनी केलं नाही ते काम आपण करू. पुढच्या वेळी कुणी आलेख दाखवला की खालची रेघ आपल्या हातात पाहिजे, खरी."

प्रताप उठला आणि मैदानावर रेघा मारायला चुना कुठं मिळेल ते बघायला गेला. गणिताच्या मास्तराला तक्ते आखायला सांगावं लागलं नाही. अर्चनानं आपणहून सगळ्यांसाठी अंडी उकडायचं ठरवलं. केतकी नव्या पोरांना भाला कसा धरायचा ते दाखवणार होती. मैथिलीचा हात गळ्यात अडकवलेला होता. तिनं डाव्या हातानं जुनी घड्याळं दुरुस्त करून वेळ घ्यायची सोय केली.

त्यांनी तालुक्यापुरती हाक दिली होती. वीसपंचवीस पोरं येतील असा अंदाज.

रविवारी सकाळी शाळेच्या फाटकापासून पार कॅनॉलच्या पुलापर्यंत रांग लागली होती. पाटणहून, वाईहून, कोरेगावहून जीप करून लोक आले होते. कुणी नव्या बुटांत, कुणी अनवाणी. काही आईबाप लांब झाडाखाली उभे होते, पोरांना पुढं ढकलून, जणू आपण बरोबर आलोच नाही.

टेबलाशी वैजयंती स्वतः बसली. पहिली मुलगी पुढं आली. नऊदहा वर्षांची असेल, वेण्या घट्ट बांधलेल्या, फ्रॉकला इस्त्री केलेली.

"नाव सांग, बाळ."

मुलगी घाबरली. मागं आईकडे बघितलं, मग पुढं.

"बावीस," ती म्हणाली.

वैजयंतीच्या हातातली पेन्सिल मोडली. तिचा राग असा उफाळला की क्षणभर तिला समोरचं दिसेना. त्या केंद्रावरचा राग, काचेच्या इमारतीवरचा, अहवालातल्या गुळमुळीत शब्दांवरचा, आणि पंधरा वर्षांपूर्वी एक सुबक शब्द सुचल्याचा आनंद झालेल्या त्या बाईवरचाही.

ती खुर्चीवरून उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि मुलीसमोर उकिडवी बसली.

"ते नाव नाही," ती म्हणाली. "तुझी आई तुला हाक काय मारते?"

अगदी हळू, चुकेल की काय अशा भीतीनं, मुलीनं सांगितलं.

"निशिगंधा."

"मोठ्यानं. मला ऐकू नाही आलं."

"निशिगंधा!"

"हां. जा आता पांढऱ्या रेघेवर, निशिगंधा. तुला जेवढं लांब टाकता येईल तेवढं टाक."